मागची काच कुठे मिळेल? : भंगारातून जुन्या गाडीची काच काढण्याची गोष्ट

हेडफोन लावून ट्रेनमध्ये लटकत असाल तर आधी नीट धरा, मग ऐका. आजचा विषय थोडा विचित्र वाटेल. जुन्या गाडीची काच. इंजिन नाही, कार्बोरेटर नाही, फक्त काच. गेल्या काही भागांत आपण जुन्या गाड्यांबद्दल बोललो, तेव्हापासून व्हॉइस नोट येतायत : "दादा, एस्टीमची क्वार्टर ग्लास कुठे मिळेल?", "काकांच्या कॉन्टेसाची मागची काच गेली, आता काय?" एकालाही इंजिनचा प्रश्न नाही. इंजिनला इलाज असतो, लेथवाला असतो, बोअर करता येतो, पिस्टन दुसऱ्या गाडीचा बसवता येतो. काचेला तसा जुगाड नाही. फुटली की फुटली.

आमच्या घरी पद्मिनी आहे. प्रीमियर पद्मिनी, १९९९ च्या जानेवारीत पासिंग झालेली, म्हणजे शेवटच्या काही वर्षांतली. गाडी नाशिकला, बाबांकडे. २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत सोसायटीतल्या पोरांनी मारलेला एक सिक्सर थेट मागच्या काचेवर. टेनिस बॉल असता तर काही झालं नसतं, पण पोरं मोठी झाली होती, सीझन बॉल होता. काच जागेवर खडीसाखर झाली. मागच्या सीटवर, बूटमध्ये, सीटबेल्टच्या खाचेत, सगळीकडे दाणे. अजूनही कधी ब्रेक जोरात मारला की एखादा दाणा खळकन पुढे येतो.

आणि दोन महिन्यांनी आरसी संपत होती. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पहिली पंधरा वर्षं, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५००० वर गेलेली. फीचं एक वेळ ठीक आहे, पण गाडी इन्स्पेक्टरसमोर उभी करावी लागते, आणि मागे काचेऐवजी प्लास्टिकचा कागद लावून कोण पास करणार? बाबा दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "भंगारवाला येऊन गेला. चांगला भाव देतोय." बाबा असं म्हणतात तेव्हा त्यांना 'देऊ नका' हे ऐकायचं असतं. मी म्हटलं, "थांबा, काच बघतो."

सगळ्यात आधी नाशिकमधली दुकानं, मग पुण्यात नाना पेठ, मग मुंबईत ऑपेरा हाऊस. सगळीकडे एकच संवाद. मी विचारायचो, पद्मिनीची काच आहे का? "आहे ना." मागची? "मागची नाही." ऑपेरा हाऊसच्या एका दुकानदाराने शेवटी समजावून सांगितलं, आणि मला वाटतं आजच्या भागातलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच आहे. म्हणाला, "बेटा, जो काच रोज टूटता है वो रोज बनता है. पीछे का काच टूटता ही नहीं, तो बनाएगा कौन?"

यावर जरा थांबून विचार करा. पुढच्या काचेला दगड लागतात, तडे जातात, त्यामुळे तिला कायम गिऱ्हाईक. कंपनी बंद पडली तरी छोटे कारखानदार पुढची काच बनवत राहतात. मागची काच, दाराच्या काचा, त्या छोट्या तिकोनी काचा, या वर्षानुवर्षं टिकतात. म्हणून त्यांना मार्केट नाही, आणि मार्केट नाही म्हणून त्या नव्याने कुणी करत नाही. म्हणजे जी काच सगळ्यात टिकाऊ, तीच मिळायला सगळ्यात अवघड. आमच्या ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर ज्या मोड्यूलमध्ये कधी बग येत नाही, त्याचा मेंटेनर आधी नोकरी सोडून जातो.

मग तुम्ही म्हणाल, काचच आहे ना, कापून बनवून घे! इथे थोडं विज्ञान लागतं, कंटाळू नका. गाडीत दोन प्रकारच्या काचा असतात. पुढची असते लॅमिनेटेड : दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पातळ थर. फुटली तरी तुकडे त्या थराला चिकटून राहतात, म्हणून कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. ही कापता येते. बाजूच्या आणि मागच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन्ड. काच आधी कापतात, कडा घासतात, भोकं पाडतात, आकार देतात, मग ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करतात. बाहेरचा थर आधी आखडतो, आतला नंतर. त्यामुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली आणि आतला गाभा कायमचा ताणाखाली राहतो. म्हणूनच ती इतकी मजबूत असते. पण एकदा त्या आतल्या ताणापर्यंत चीर पोचली की सगळी ऊर्जा एकदम सुटते आणि पूर्ण काचेचे दाणे होतात. म्हणजे टफन्ड काच नंतर कापता येत नाही, घासून लहान करता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही. 'थोडी मोठी आहे, कापून बसवू' हे इथे चालतच नाही. जशी आहे तशी बसली पाहिजे.

नवीन करून घ्यायची तर त्या गोलाईचा साचा पाहिजे. एका काचेसाठी साचा बनवणं म्हणजे एका पोळीसाठी गिरणी विकत घेणं. खूप जुन्या गाड्या, ज्यांच्या बाजूच्या काचा सपाट असतात, त्यांचं सोपं आहे : सपाट लॅमिनेटेड शीटमधून आकार कापून मिळतो. वाकलेल्या काचेला भंगाराशिवाय वाट नाही. आणि ॲक्रिलिक लावा सांगणारे खूप भेटतील. ते चरे पडून दोन वर्षांत दुधी होतं. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला १०० वा नियम सेफ्टी ग्लास मागतो, पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे असं सांगतो. पासिंगला जायचं असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

तर भंगार. पण कुठलं भंगार? मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीला मायापुरी, ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. मी आधी तिथेच गेलो. गंमत बघा, पद्मिनी बनायची कुर्ल्यालाच, वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात. जिथे गाडी जन्मली त्याच उपनगरात तिचे सुटे अवयव विकले जातात. पण मला तिथे दिवे मिळाले, बंपर मिळाला, दाराची हँडलं ढिगाने मिळाली. मागची काच नाही.

मग मी प्रश्न बदलला. 'काच कुठे मिळते' याऐवजी 'ही गाडी मरायला कुठे जाते' असं विचारायला लागलो. पद्मिनी म्हणजे काळी-पिवळी. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून एकही पद्मिनी टॅक्सी रस्त्यावर नाही. पेपरांत फोटो आले, लोकांनी स्टेटस ठेवले, आठवत असेल. आमची काच फुटली त्याच्या दोन आठवड्यांनी. बाकीच्या टॅक्सी त्याआधीच टप्प्याटप्प्याने भंगारात गेल्या होत्या. हा सगळा काळ खाजगी पद्मिनीवाल्यांना पार्ट स्वस्तात मिळत होते ते या टॅक्सींमुळे. हजारो गाड्या रोज चालायच्या, म्हणून पार्ट बनायचे, आणि रोज काही मरायच्या म्हणून जुने पार्टही यायचे. टॅक्सी संपली आणि दोन्ही नळ एकदम बंद झाले. आता यार्डात जे पडलंय तेवढंच.

म्हणून मी दुकानं सोडली आणि टॅक्सीवाल्यांकडे गेलो. दादरला स्टँडवर एक वयस्कर चाचा भेटले, आता वॅगनआर चालवतात. पद्मिनी म्हटल्यावर चेहरा उजळला. त्यांनीच सांगितलं की शिळफाट्याच्या बाजूला एका यार्डात काही टॅक्सींचे सांगाडे अजून पडून आहेत, पण लवकर जा.

हे 'लवकर जा' का, ते मला यार्डात गेल्यावर कळलं. भंगाराचा हिशेब किलोवर चालतो. पत्रा किलोवर, ॲल्युमिनियम किलोवर, तांबं तर सोनंच. काचेला किलोचा भाव जवळपास नाही. उलट तिची अडचण होते, कारण गॅस कटरने पिलर कापायचे तर आधी काच काढावी लागते. आणि काढायची म्हणजे काय? हातोडीचा एक फटका, पाच सेकंदांचं काम. मी गेलो तेव्हा तिथे सात सांगाडे होते, चारांच्या काचा गेलेल्या होत्या आणि पाचव्याजवळ पोरगा हातोडी घेऊन चाललेला. मी अक्षरशः ओरडलो, "भाई, रुको!" त्याला वाटलं मालकाचं माणूस आलंय.

मालकाशी बोलणं अर्ध्या तासाचं. आधी तो म्हणाला काच फुकट घेऊन जा. मग माझ्या चेहऱ्यावरची घाई त्याने वाचली आणि दोन हजार म्हणाला. शेवटी बाराशेत ठरलं, काढायची मी, फुटली तर पैसे परत नाहीत. आणि एक गोष्ट आवर्जून केली, तुम्हीही करा : पावती घेतली, त्यावर त्या सांगाड्याचा नंबर लिहून घेतला. काही गाड्यांच्या काचांवर गाडीचा नंबर कोरलेला असतो. उद्या तुमच्या गाडीवर दुसऱ्याच गाडीचा नंबर कोरलेली काच दिसली आणि कुणी विचारलं, तर तोंडी गोष्ट सांगून भागत नाही.

पैसे देण्याआधी काच तपासायची. आधी कडा. रबराच्या बाहेर दिसते तेवढी कड हातमोजा घालून बोटाने चाचपा. टवका असेल तर सोडून द्या. टफन्ड काचेचा मधला भाग दणकट असतो, कड मात्र नाजूक, आणि कडेला टवका असलेली काच बसवताना किंवा पुढच्या उन्हाळ्यात बसल्या जागी फुटू शकते. मग चरे. नखाला अडकतो तो चरा कायमचा. नखाला न अडकणारा धूसरपणा सिरियम ऑक्साइडच्या पावडरने पॉलिश करून जातो. खोल चरा पॉलिश करत बसलात तर तिथे खड्डा होतो आणि भिंगातून बघितल्यासारखं मागचं जग वाकडं दिसतं. दाराच्या काचेवर उभे चरे जवळजवळ नेहमी असतात, कारण खाचेतल्या फेल्टमध्ये वाळू अडकते आणि काच वर-खाली होताना घासते. थोडे असतील तर चालवून घ्या. मागच्या काचेवर डिफॉगरच्या तारा असतील तर मल्टिमीटर लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोड आहे का बघा. पद्मिनीत ती भानगड नाही.

काच खरंच टफन्ड आहे का, यासाठी एक मजेशीर युक्ती आहे. पोलराइज्ड गॉगल घालून तिरप्या उजेडात बघा. हवेचे झोत जिथे पडले होते तिथे गडद ठिपक्यांची नक्षी दिसते. यार्डातली पोरं माझा गॉगल एकमेकांना देऊन बघत होती, कामच थांबलं दहा मिनिटं. कोपऱ्यातला शिक्काही वाचा. त्यात कंपनीचं नाव, आयएसआयचं चिन्ह, बऱ्याचदा वर्षाचा शेवटचा आकडा आणि महिन्यासाठी ठिपके असतात. बाहेरून आलेल्या गाड्यांच्या काचेवर गोलात ई आणि एक आकडा दिसतो, तो मंजुरी देणाऱ्या देशाचा : १ जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली.

आणि बसेल का? त्यासाठी घरून मापं नेली होती. नुसती लांबी-रुंदी पुरत नाही. गाडीच्या चौकटीचा ब्राऊन पेपरवर पूर्ण आकार काढला. आतल्या गोलाईसाठी एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत दोरा ताणायचा आणि मध्यावर दोऱ्यापासून काच किती खोल आहे ते पट्टीने मोजायचं. दोन्हीकडचं जुळलं तर काच जुळली. फुटलेल्या काचेचं हे माप कुठून आणलं? नाशिकमध्येच एका ओळखीच्या काकांची उभी पद्मिनी होती, त्यांच्या काचेवरून. काकांनी चहा दिला आणि "आमची काढून नेऊ नकोस रे" म्हणून दोनदा बजावलं.

काढताना घाई करायची नाही. जुन्या गाड्यांची काच रबरात बसवलेली असते. ते रबर पंचवीस वर्षं उन्हात भाजून लाकूड झालेलं असतं. ते वाचवायचा मोह नको, नवीन रबर मिळतं. कटरने रबराची ओठासारखी कड पूर्ण कापून टाका. स्क्रू ड्रायव्हर कडेत घालून उचकटायचं नाही, स्टील काचेच्या कडेला लागलं की संपलं. मग आत बसायचं, दोन्ही तळवे पसरून एका वरच्या कोपऱ्याजवळ हळूहळू दाब वाढवायचा, बाहेर एकाने धरायला उभं राहायचं. माझ्यासाठी बाहेर उभा राहिला तो मघाचा हातोडीवाला पोरगा. काच सुटली तेव्हा त्याने अशी झेलली की जणू बाळ. खाली ठेवताना सिमेंटवर टेकवायची नाही, खाली लाकूड किंवा गोणपाट.

नेताना काच उभी. आडवी ठेवली की प्रत्येक खड्ड्यात वाकते. मित्राच्या गाडीच्या मागच्या सीटवर दोन गाद्या, मध्ये काच, वरून सीटबेल्ट. कसारा घाटात मित्र ४० च्या वर गेला नाही आणि मागून ट्रकवाले आम्हाला काय काय म्हणाले ते इथे सांगत नाही.

बसवणं घरीच केलं, एका जुन्या डेंटरकाकांना बोलावून. आधी चौकटीचा गंज घासून प्रायमर मारला. हे टाळलंत तर नवीन रबरातूनही पाणी गळणार. मग काचेला नवीन रबर चढवायचं, रबराच्या आतल्या खाचेत सगळीकडून सुतळी फिरवायची, साबणाचं पाणी लावायचं, काच बाहेरून चौकटीला टेकवायची. आतला माणूस सुतळी हळूहळू ओढतो तसा रबराचा ओठ पत्र्यावर उलटून बसत जातो, आणि बाहेरचा माणूस तळव्याने थापट्या मारत राहतो. बाहेरून थापट्या मारायला बाबा होते. पासिंग जानेवारीत झालं. भंगारवाल्याचा नंबर बाबांनी अजून फोनमध्ये ठेवलाय, का ते विचारू नका.

आता तुमचे प्रश्न. पुढची काच भंगारातून घ्यावी का? माझं मत, नाही. एक तर ती वाळूच्या कणांनी टोचलेली असते, रात्री समोरून दिवे आले की सगळी काच पांढरी होते. कडेने दोन थर सुटून दुधी पट्टा आलेला असतो. बऱ्याच जुन्या गाड्यांना तर पुढेही टफन्डच काच होती, ती फुटली की क्षणात समोरचं काही दिसत नाही. आणि अलीकडच्या गाड्यांत पुढची काच गोंदाने चिकटवलेली असते, कित्येक गाड्यांत बाजूच्या सीटची एअरबॅग फुगताना त्या काचेचा आधार घेते. ती नवीनच घ्या आणि नीट माणसाकडून बसवून घ्या.

ज्यांनी एस्टीमबद्दल विचारलंय : मारुती १००० आणि एस्टीम यांची बॉडी एकच, त्यामुळे १००० चा सांगाडा दिसला तरी थांबा. तसंच सिएना आणि पेट्रा. उलट झेनवाल्यांनी फसू नका. २००३ मधली तीन दारांची झेन, कार्बन आणि स्टील, तिच्या बाजूच्या काचा पाच दारांच्या झेनच्या नाहीत. दारं लांब, मागची काच वेगळी. यार्डात पन्नास झेन दिसतील आणि एकीचीही काच लागणार नाही. ती गाडी असेल तर काच फुटायच्या आधीच शोधायला लागा.

आणि कॉन्टेसावाल्या मित्रा, तुझी व्हॉइस नोट ऐकली. त्याच शिळफाट्याच्या यार्डात मागच्या रविवारपर्यंत एक पांढरी कॉन्टेसा उभी होती, चाकं नाहीत, डाव्या बाजूने ठोकलेली, पण मागची काच शाबूत. कडा मी चाचपून बघितल्यात, टवका नाही. मालकाला सांगून ठेवलंय की कुणीतरी येईल, पण तो माझ्या शब्दावर कटर थांबवणारा माणूस नाही. लोकेशन तुला मेसेज केलंय. जाताना गाद्या दोन ने, रबर कापायला नवीन ब्लेड ने, आणि सकाळी दहाच्या आत पोच, कटरवाला त्यानंतर येतो.